झाकलेल्या पंचवीस प्रती

पुस्तकाच्या मुखपृष्ठाबद्दल इसहाक भिंगारदिवे सरांची मतं ठाम होती आणि कुणी विचारली नाहीत तरी ते ती सांगत. नगरला सावेडीतल्या त्यांच्या घरी चहाला थांबलेल्या माणसाची त्यातून सुटका नसे. मराठीत म्हणे एकूण चारच मुखपृष्ठं आहेत आणि तीच आलटूनपालटून सगळ्यांना वाटली जातात. लेखिका असेल तर खिडकीशी पाठमोरी बाई. कोकणातला लेखक असेल तर होडी. पुण्यातला असेल तर नुसते रंगाचे फराटे, म्हणजे आतलं काही कळलं नाही तर दोष वाचकाचा. आणि लेखक नगर जिल्ह्यातला असेल तर भेगाळलेली जमीन, मग कादंबरीत पानोपानी पाऊस का पडत असेना. पुस्तक उघडायच्या आधीच वाचकाच्या घशाला कोरड पडते, असं म्हणून सर स्वतःच हसत.

पुस्तक उसनं देण्याबद्दलही त्यांचं एक मत होतं. दिलेलं पुस्तक वेळेवर परत आलं तर ते वाचलेलं नाही असं खुशाल समजावं. कारण वाचलेलं पुस्तक माणूस परत करत नाही, पुढच्याला देतो. हे मत ते विशेषतः स्वतःच्या घरातली दुसऱ्यांची पुस्तकं दाखवताना सांगत.

तर अशा माणसाच्या पहिल्याच कादंबरीवर पतसंस्थेच्या चेअरमनचा फोटो छापला गेला.

कादंबरी त्यांनी अकरा वर्षं लिहिली होती. हायस्कुलात मराठी शिकवत असताना सात वर्षं आणि निवृत्तीनंतर चार. विषय त्यांची आई. दीनाबाई मूळची तिसगावची, मिशनची बायबलबाई. खांद्याला कापडी पिशवी लावून पाथर्डीच्या रस्त्याने गावोगाव पायी जायची आणि ओट्यावर बायका जमवून शास्त्र वाचून दाखवायची. बायका शास्त्र आदराने ऐकून घ्यायच्या आणि मग कमरेला खोचलेलं पत्र हळूच पुढे करायच्या. ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याचं, पलटणीतल्या मुलाचं, सासरी नांदत नसलेल्या लेकीचं. दीनाबाई तेही वाचून दाखवायची. वीस वर्षांत तिने एका घरचं पत्र दुसऱ्या घरी सांगितलं नाही. कादंबरीचं नाव ‘दीनाबाईची पिशवी’.

आईचा एकच फोटो होता. चर्चच्या पायरीवर उभी, खांद्याला पिशवी, डोळे उन्हाने बारीक झालेले. तो थोरल्या बहिणीकडे, रूथताईकडे, तिसगावला ट्रंकेत होता. आई मेल्यावर इसहाकला वाढवलं ते रूथताईने. स्वतः लग्न केलं नाही, गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून चिकटली ती अजून तिथेच. मुखपृष्ठासाठी हवाय म्हटल्यावर तिने तो फोटो रुमालात बांधून दिला आणि जपून ने म्हणाली. ताई काय म्हणेल, हाच सरांचा सगळ्यात मोठा घोर होता. समीक्षकांनी काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. आईचं पुस्तक ताईने वाचावं आणि बरं झालंय म्हणावं, एवढ्यासाठी अकरा वर्षं गेली होती.

पुण्याच्या प्रकाशकाने हस्तलिखित दीड वर्ष ठेवून घेतलं आणि मग कळवलं, की कृती दर्जेदार आहे, पाचशे प्रतींच्या खरेदीची सोय लेखकाने केल्यास विचार करू. ती सोय तिसगावच्या नवशिवार पतसंस्थेचे चेअरमन काकासाहेब यांनी केली. दिवाळीला सभासदांना भेट द्यायची त्यांची रीत होती. गेल्या वर्षी स्टीलचे डबे दिले, यंदा विचार द्यायचे म्हणतो, असं ते म्हणाले. फक्त पुढे कोपऱ्यात त्यांचा एक लहानसा फोटो असावा.

फोटो पहिल्यांदा खरोखरच पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. पुढे फोन येत गेले तसा तो वाढत गेला. शेवटी काकासाहेबांचे फ्लेक्स करणारा कलाकारच मुखपृष्ठाला बसला. त्याला येत होतं ते त्याने केलं. पांढऱ्या कुडत्यातले काकासाहेब हात जोडून उभे, मागून सूर्याची किरणं, डोक्यावर ‘सस्नेह भेट’ आणि पायापाशी बारीक अक्षरात कादंबरीचं नाव. बाईंचा फोटो काही बसत नाही सर, असं त्याने सांगितलं. सर दोन मिनिटं गप्प राहिले आणि ठीक आहे म्हणाले. मागच्या बाजूला लेखकाचा फोटो होता, हनुवटीखाली मूठ घेतलेला, स्टुडिओत मुद्दाम काढवलेला. त्याला कुणाचीच हरकत नव्हती.

प्रकाशन पतसंस्थेच्या हॉलमध्ये झालं. रूथताई तिसऱ्या रांगेत होती. शाल-श्रीफळ चालू असताना तिच्या हातात प्रत आली. ती बसल्या जागी पुस्तक बघत राहिली, उलटंपालटं केलं, आणि मग उठून चपला घालून निघून गेली. व्यासपीठावरून सरांना ते दिसलं. नेमकं तेव्हाच फोटोग्राफरने हसायला सांगितलं.

त्यानंतर ते जेव्हा जेव्हा फोन करून विचारत, वाचलंस का ताई, तेव्हा ती नाही म्हणे. वेळ मिळाला नाही म्हणे. खेड्यातल्या वाचनालयात दुपारी चिमण्यांशिवाय कुणी नसतं हे सरांना माहीत होतं. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की हे सगळं त्या काकासाहेबाच्या थोबाडामुळे झालं. त्या माणसाने आपल्या आईची जागा घेतली. हे दुःख ते सावेडीत चहाबरोबर सांगू लागले आणि ऐकणारे हळहळू लागले, त्यामुळे दुःखालाही जरा बरं वाटू लागलं.

पाचशे प्रती तालुक्यात घरोघर गेल्या आणि एकही वाचली गेली नाही. मुखपृष्ठ बघून सगळ्यांनी तो काकासाहेबांचा वाढदिवस गौरवग्रंथ मानला. गौरवग्रंथ वाचायचा नसतो, तो दर्शनी ठेवायचा असतो. सर एकेका घरी मुद्दाम जाऊन बघत. कुठे पुस्तक टीव्हीशेजारी उभं, कुठे दिवाणाच्या डोक्याशी. विरोधी गटातल्या घरांत ते तोंड भिंतीकडे करून ठेवलेलं असायचं, म्हणजे तिथे बाहेर सरांचा चेहरा. एका निवृत्त सर्कल अधिकाऱ्याला त्यांनी धीर करून विचारलं, कसं वाटलं. तो म्हणाला, लई छान, फोटो एकदम क्लिअर आलाय.

मग जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या. काकासाहेब तिसगाव भागातून उभे राहिले आणि आचारसंहिता आली. पुढचं सरांना कळलं ते फोनवर. वाचनालयासमोर चहाची टपरी असलेल्या पुंजारामने रंगवून सांगितलं.

गावातले बोर्ड झाकले, कोनशिला झाकल्या, बसथांब्यावरचं नाव झाकलं. मग तपासणी पथकाचे अंगदराव अनुदानित संस्था बघत बघत वाचनालयात शिरले. तिथे कपाटाच्या काचेआड पतसंस्थेने भेट दिलेले पंचवीस काकासाहेब एका रांगेत हात जोडून उभे. अंगदरावांनी पंचनामाच लिहायला घेतला. उमेदवाराची प्रतिमा असलेली पुस्तकं, नग पंचवीस, सदर प्रतिमा तात्काळ झाकण्यात यावी. रूथताईने पुस्तक उलटून मागचा फोटो दाखवला आणि हाही झाकायचा का, असं विचारलं. हे कुठून उभे आहेत, अंगदरावांनी विचारलं. हे कुठूनच उभे नाहीत, हे लेखक आहेत, असं कळल्यावर ते म्हणाले, मग त्यांचं राहू द्या, त्यांनी कुणावर परिणाम होत नाही.

रूथताईने खाकी कागद आणला, खळ शिजवली आणि पंचवीसही प्रतींना दोन्ही बाजूंनी कव्हर घातलं, शाळेची पुस्तकं घालतात तसं. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवून आपल्या गोल अक्षरात नाव लिहिलं, ‘दीनाबाईची पिशवी’. अंगदराव दुसऱ्या दिवशी येऊन खात्री करून गेले.

आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की वाचनालयातल्या एका पुस्तकावर सरकारने बंदी आणली.

पुंजारामच्या टपरीवर निष्कर्ष निघायला वेळ लागला नाही. पथक येतं, पंचनामा होतो, पुस्तक झाकलं जातं, म्हणजे आत काहीतरी आहेच. दीनाबाईच्या पिशवीत साऱ्या तालुक्याची पत्रं असायची हे म्हाताऱ्यांना आठवलं. त्यातच काकासाहेबांच्या घरचं काहीतरी असणार. विरोधी गटाने पहिल्या दिवशी चार प्रती नेल्या, काही सापडतं का ते बघायला. काकासाहेबांच्या गटाने सहा नेल्या, विरोधकांना काय सापडलं ते बघायला. वाचनालयात पाऊल न टाकलेल्या माणसांनी सभासदत्वाचे अर्ज मागितले. दहा दिवसांत कपाट रिकामं झालं आणि रूथताईला वाट बघणाऱ्यांची यादी करावी लागली.

घाण काही सापडली नाही. पण ती शोधायची म्हणजे एकही ओळ सोडून चालत नव्हती, आणि शोधता शोधता पुस्तक संपत होतं. मग माणसं टपरीवर येऊन वेगळंच बोलू लागली. ती जी बाई नवऱ्याच्या पत्राचं पाकीट फोडायलाच घाबरते, ती कुणाची आजी. पत्रात फक्त ‘मी बरा आहे’ एवढंच लिहिलेलं असताना दीनाबाईने पुढे पानभर वाचून दाखवलं, ते खरं घडलं का. बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या लंकाबाईने आपली प्रत परत केलीच नाही. ती मळ्यातल्या बहिणीकडे गेली, तिथून शिरापूरला, आणि तिथून पुढे कुठे ते कुणाला सांगता येईना. यादीतली माणसं रोज येऊन रूथताईशी भांडू लागली.

सरांनी फोन ठेवला. पुस्तक परत येत नव्हतं, म्हणजे वाचलं जात होतं. पण दुसराच विचार त्यांच्या मनात घर करून बसला. ते थोबाड झाकलं गेलं, आता ताईनेही वाचलं असणार.

निकाल लागला, काकासाहेब थोडक्या मतांनी निवडून आले. आचारसंहिता उठली त्याच दिवशी सर पाथर्डीच्या एस.टी.त बसले. पिशवीत सवयीप्रमाणे पाच प्रती होत्या, रस्त्यात कुणी भेटलं तर द्यायला. करंजीच्या घाटात त्यांनी ताईशी काय बोलायचं याची मनात उजळणी केली. ताई, माझा नाइलाज होता. फोटोची अट नसती तर पुस्तकच निघालं नसतं. हे दोन्ही खरं होतं आणि म्हणून म्हणायला सोपं होतं.

वाचनालयात ताई एकटीच होती. समोर खाकी कव्हरातली एक प्रत, तेवढीच काय ती परत आलेली. तिने त्यांना पाणी दिलं, घरचं विचारलं. सरांना दम निघेना. त्यांनी विचारलंच.

“वाचलं,” ती म्हणाली. “दोनदा वाचलं.”

सरांनी खुर्ची पुढे ओढली.

“पिशवी निळी न्हवती, चॉकलेटी हुती. अन् आई चालताना गुणगुणायची, ते तू इसरला. तू लहान हुता.” तिने खाकी कव्हरावरून हात फिरवला. “पन ते पत्राचं लिहिलंय ना तू, एका ओळीचं पत्र पानभर वाचून दाखवती ते. तिथं मला रडू आलं. लई रडले. आई समोर आली, बाबा.”

सरांचे डोळे भरले. अकरा वर्षं सार्थकी लागली असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. काकासाहेब होते.

काकासाहेबांचा आवाज घोषणांनी बसला होता, पण उत्साह मावत नव्हता. त्यांच्या मते विरोधकांनी पुस्तक झाकायला लावलं म्हणूनच सहानुभूतीची लाट आली. आता दुसरी आवृत्ती काढायची, हजार प्रती. कव्हर नव्याने करायचं. पुढे नवा फोटो, आणि मागे गुलालातल्या मिरवणुकीचा. सगळा खर्च आमचा, तुम्ही फक्त हो म्हणा.

सर ताडकन उभे राहिले. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा लागला, तो वर्गात लागायचा तसा.

“ते जमणार नाही, साहेब,” ते म्हणाले. “पुढचं तुम्ही घेतलंत, मी काही बोललो नाही. पण मागची जागा माझी आहे. लेखकाचा तेवढा मान राहिलाच पाहिजे. ती जागा मी सोडणार नाही, मग आवृत्ती निघो न निघो.”

पलीकडे काकासाहेब दचकले असावेत. बरं, बघू, विचार करून कळवतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आपल्या भागात याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. सरांच्या कपाळावर घाम आला होता, पण छाती भरून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा ते एका चेअरमनला तोंडावर नाही म्हणाले होते, आणि तेही ताईच्या देखत. त्यांनी कौतुकाच्या अपेक्षेने ताईकडे पाहिलं.

रूथताईने समोरची प्रत जवळ ओढली. खाकी कागदाची घडी नखाने उचलली आणि कव्हर सोडवलं. आत काकासाहेब नव्हते. पुढचं मुखपृष्ठ शिवणीपासून सरळ कापून टाकलेलं होतं. तिने पुस्तक उलटं केलं. मागेही काही नव्हतं. हनुवटीखालची मूठसुद्धा नव्हती.

“समद्यांचं असंच केलंय,” ती म्हणाली. “पंचवीसच्या पंचवीस. दोन्हीकडून.”

सरांनी विचारलं, माझा का कापलास.

“त्या दिवशी मी पुढचा फोटो बघून उठले न्हाई, इसाक. त्यो बघून मी बसूनच हुते. म्हनलं, त्याचा पैसा हाय, त्यो लावनारच. आईला मागं घेतली असंल.” ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. “पुस्तक उलटं केलं, तर मागं तू. मग उठले.”

सरांनी मोबाईल खिशात घातला.

“आता फोनवर भांडला ना, जागा सोडनार न्हाई म्हनून. चांगला भांडला. आईच्या टायमाला एवढं एकदा भांडला असता, तरी मला चाललं असतं.”

बाहेर पुंजारामच्या टपरीवर कुणीतरी मोठ्याने हसलं. सरांना आठवलं, फोटो बसत नाही म्हटल्यावर आपण दोन मिनिटं गप्प होतो. त्या दोन मिनिटांत आपण काकासाहेबांना मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, नशिबाला बोल लावला होता, आणि पुस्तकाला दुसरी बाजू असते हे आपल्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. मुखपृष्ठांवर जन्मभर बोलणाऱ्या माणसाच्या. त्यांना मनापासून शरम वाटली. अशी शरम त्यांनी कादंबरीत दोन ठिकाणी वर्णिली होती, पण ती अशी नसते हे त्यांना आता समजलं.

“फोटो कुठं हाय आईचा?” रूथताईने विचारलं.

घरी कपाटात आहे, तुझ्याच रुमालात आहे, असं ते म्हणाले. घेऊन ये पुढच्या खेपेला, एवढंच ती म्हणाली. मग तिने त्यांच्या पिशवीकडे पाहून विचारलं, त्यात किती आहेत. पाच, सरांनी सांगितलं. यादीत अजून चौदा माणसं हायेत, असं म्हणत तिने टेबलाच्या खणातून खाकी कागद काढला, खळीची वाटी पुढे सरकवली आणि कात्री त्यांच्या हातात दिली.

सरांनी पहिली प्रत घेतली. काकासाहेबांना कापताना त्यांचा हात सरसर चालला. मग त्यांनी पुस्तक उलटं केलं आणि शिवणीला कात्री लावली. अर्ध्यावर, हनुवटीपाशी, हात थांबला. फोटो खरंच चांगला आला होता.

रूथताई कागद मोजून कापत होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती. ती काहीतरी गुणगुणत होती. सरांनी कात्री पुढे नेली.